क्लाउनफिश घरी आणण्यापूर्वी

दिवाणखान्यात मत्स्यालय असणे ही आता श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. गोल्डफिश, गप्पी, मॉली असे गोड्या पाण्यात राहणारे मासे मध्यमवर्गीय घरांतूनही केव्हाच रुळले आहेत. पण २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि मुलांच्या तोंडी एक नवे नाव बसले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला, डुलत डुलत पोहणारा क्लाउनफिश, म्हणजेच विदूषक मासा, हवाच असा हट्ट घराघरांतून सुरू झाला. तो अजूनही चालूच आहे.

पुढची कथा बहुतेक घरांत एकसारखीच असते. मुलाच्या वाढदिवसाला वडील त्याला घेऊन दुकानात जातात. टाकी, मीठ, पंप, रंगीत दगड आणि माशांची जोडी अशी सगळी खरेदी एकाच संध्याकाळी होते. रात्री टाकी भरली जाते आणि लगेच मासेही सोडले जातात. तीन-चार दिवस घरात आनंदीआनंद असतो. मग मासे खायचे थांबतात, पाण्याच्या वर येऊन धापा टाकू लागतात आणि आठवड्याभरात एका सकाळी तळाशी पडलेले दिसतात. मूल शाळेतून येण्याआधी आई ते गुपचूप काढून टाकते आणि “ते समुद्रात परत गेले” असे सांगते. दुसरी जोडी येते, तिचेही तेच होते. शेवटी रिकामी टाकी माळ्यावर जाते.

यात हजारो रुपये वाया जातात हे खरेच, पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. नीट सांभाळला तर हा मासा घरातल्या टाकीत दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. पापुआ न्यू गिनीच्या प्रवाळबेटांवरील अभ्यासावरून २००७ साली शास्त्रज्ञांनी असा अंदाज मांडला, की समुद्रात या माशाची मादी ३० वर्षांपर्यंत जगू शकते. असा दीर्घायुषी जीव आठवड्यात मरतो, तेव्हा दोष माशाचा नसतो. त्याला कच्च्या पाण्यात सोडलेले असते.

हा मासा आहे तरी कसा?

क्लाउनफिशच्या सुमारे ३० जाती आहेत. हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि प्रशांत महासागराचा पश्चिम भाग हे त्यांचे माहेर. आपल्याकडे अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात ते आढळतात. अटलांटिक महासागरात मात्र ते नाहीत.

समुद्रात त्यांचे घर म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचे असले तरी हा एक प्राणीच आहे. त्याच्या स्पर्शिकांत विषारी डंख असतात आणि इतर लहान मासे त्यांत अडकून मरतात. क्लाउनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला हा डंख बाधत नाही. मासा तिथे निर्धास्त राहतो आणि त्या बदल्यात समुद्रफुलाला कुरतडणाऱ्या माशांना हुसकावून लावतो. त्याच्या विष्ठेतून समुद्रफुलाला पोषणही मिळते.

यांच्या कुटुंबाची रीतही अजब आहे. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी असते ती मादी. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर. बाकीचे लहान मासे उमेदवारासारखे थांबून असतात. मादी मेली तर तिचा नर हळूहळू मादी होतो आणि उमेदवारांतला सर्वांत मोठा मासा नराची जागा घेतो. चित्रपटातल्या निमोच्या वडिलांचेही निसर्गनियमाने हेच झाले असते! ही माहिती केवळ गमतीची नाही. जोडी निवडताना तिचा थेट उपयोग होतो.

कोणती जात निवडावी?

नवशिक्या माणसाने ऑसेलॅरिस ही जात घ्यावी. चित्रपटातला निमो दिसायला असाच आहे. साधारण ८-९ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, स्वभावाने त्यातल्या त्यात शांत आणि चटकन माणसाळणारा असा हा मासा. त्याच्यासारखाच दिसणारा पर्क्युला थोडा नाजूक असतो व किमतीनेही जास्त असतो. आपल्या किनाऱ्यावर सापडणारा सेबे आणि पिवळसर शेपटीचा क्लार्की हे काटक आहेत, पण आकाराने मोठे होतात. त्यांना टाकीही मोठी लागते. टोमॅटो आणि मरून या जाती रंगाने मोहक असल्या तरी स्वभावाने भांडखोर आहेत. मरून जातीची मोठी मादी तर टाकीतल्या इतर माशांचे जगणे मुश्कील करते.

एका टाकीत एकाच जातीची एकच जोडी ठेवावी. दोन जातींचे मासे एकत्र आणले की मारामारी ठरलेली. तीन-चार मासे घेतले तर त्यांतले दोन जोडी जमवतात आणि उरलेल्यांचा छळ सुरू होतो. समुद्रात त्यांना पळायला जागा असते, टाकीत नसते. जोडी घेताना एक मासा थोडा मोठा व एक लहान घ्यावा. दोन्ही पिल्लेच असतील तर उत्तम. त्यांतला मोठा पुढे मादी होतो आणि लहान नर राहतो. दुकानदाराला नर-मादी ओळखायला सांगण्याची गरजच पडत नाही.

टाकीत जन्मलेला की समुद्रातून पकडलेला?

खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि नेमका तोच विचारला जात नाही. समुद्रातून पकडलेला मासा जाळे, पिशवी, विमान, घाऊक व्यापारी, दुकान असा प्रवास करून येतो. तो थकलेला असतो, बरेचदा रोगाचे जंतू घेऊन आलेला असतो आणि तयार खाद्याला तोंड लावत नाही. आग्नेय आशियातील काही भागांत तर मासे गुंगीत आणण्यासाठी प्रवाळांच्या कपारींत सायनाइडचे द्रावण फवारले जाते. त्यात मासा वाचला तरी अशक्त होतो आणि आजूबाजूचे प्रवाळ मरतात.

याउलट, टाकीत जन्मलेल्या पिल्लाला काच, माणसाचा हात आणि दाणेदार खाद्य यांची जन्मापासून सवय असते. सागरी माशांपैकी क्लाउनफिशचे प्रजनन तुलनेने सोपे आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते करून दाखवले होते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांनी, तसेच परंगीपेट्टई येथे अण्णामलई विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्राने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र बसवले आहे. नवी मुंबईत ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने शोभिवंत सागरी माशांचे प्रजनन केंद्र उभे राहिले आहे. म्हणजे देशातच जन्मलेला मासा मिळणे आता अशक्य नाही. दोन पैसे जास्त पडले तरी तोच मागावा. अशा पिल्लांच्या अंगावरचे पट्टे कधी अर्धवट किंवा वेडेवाकडे असतात. तो रोग नव्हे.

अंदमान किंवा लक्षद्वीपच्या सहलीत दिसलेला मासा, समुद्रफूल किंवा प्रवाळाचा तुकडा बाटलीत घालून आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान मिळाले आहे. मेलेला तुकडा बाळगणेही अंगाशी येऊ शकते. परदेशी पुस्तकांत टाकीसाठी समुद्रातला ‘जिवंत दगड’ वापरा असे लिहिलेले असते. तो दगड म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा, हे लक्षात ठेवावे. त्याऐवजी सच्छिद्र चिनी मातीचे किंवा सिमेंटपासून खास मत्स्यालयासाठी बनवलेले दगड वापरावेत.

दुकानात काय पाहावे?

मासा दुकानात आला त्याच दिवशी घेऊ नये. आठवडाभर तो तिथे तगू द्यावा. मग दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. जो मासा झडप घालून खातो तोच घ्यावा. कल्ल्यांची उघडझाप शांत हवी, डोळे स्वच्छ हवेत, पर फाटलेले नसावेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, पांढुरका चिकट थर किंवा मखमलीसारखी भुकटी दिसली तर तो मासा घेऊ नयेच, पण त्याच टाकीतला दुसराही घेऊ नये. तिरपे होऊन, अंग हलवत पोहणे ही मात्र या माशाची जन्मजात लकब आहे. तिला घाबरू नये.

टाकी केवढी आणि पाणी कोणते?

लहान टाकी सांभाळायला सोपी, हा समज चुकीचा आहे. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत सुमारे ११० लिटर पाणी मावते. एका जोडीला ती पुरेशी आहे. पाणी, काच व दगड मिळून हे ओझे दीडशे किलोच्या घरात जाते. म्हणून टेबल भक्कम हवे. टाकी खिडकीच्या उन्हात, स्वयंपाकघराजवळ किंवा देवघरापाशी ठेवू नये. उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ आणि विशेषतः डासांचे फवारे माशांना घातक ठरतात.

मुंबई, चेन्नईच्या वाचकांना वाटेल, समुद्र तर दारातच आहे. पण शहरालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते. ते वापरू नये. बाजारात मिळणारे सागरी मत्स्यालयाचे मीठ वापरावे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. त्यामुळे इंदूर, नागपूर किंवा दिल्लीतही हे मासे ठेवता येतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात असलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार त्यात नसतात. मीठ विरघळवायला नळाचे पाणी न घेता आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी घ्यावे. पाण्याची विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि सामू ८.१ ते ८.४ असावा. घनता मोजण्याचे साधन आधी घ्यावे, शोभेचे दिवे मागाहून घेता येतील.

महिना-दीड महिना धीर धरा

आता सगळ्यांत अवघड पायरी. टाकी भरली, पंप सुरू झाला, तरी चार ते सहा आठवडे तिच्यात एकही मासा सोडायचा नाही. याचे कारण समजून घ्यावे.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. दगड, वाळू आणि गाळणीत वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही घातकच. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात सोसवते. दूध विरजल्यावर दही लागायला जसा वेळ द्यावा लागतो, तसाच या जीवाणूंची वस्ती होण्यासाठी द्यावा लागतो. रिकाम्या टाकीत सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा टाकावा. तो कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खाद्य मिळते. तपासणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी पाहावे. अमोनिया चढतो, उतरतो. मग नायट्राइट चढते, उतरते. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिली की टाकी तयार झाली. मग थोडे पाणी बदलून मासे आणावेत. वाढदिवसाला आणलेले मासे आठवड्यात मरतात ते याच पायरीला फाटा दिल्यामुळे.

मुलाला हे आधीच सांगितले तर त्याचा हिरमोड होत नाही. वाढदिवसाला टाकी भेट द्यावी, रोजचे आकडे वहीत लिहिण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. मासे येतील तेव्हा ते त्याने कमावलेले असतील.

मासे आणल्यावर पिशवी २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग दिवा मालवून, तासाभरात थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे. मासा जाळीने किंवा भांड्याने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी फेकून द्यावे. शक्य असेल तर पहिले तीन-चार आठवडे नवे मासे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावेत. टाकीत इतर मासे असतील तर हे टाळूच नये.

समुद्रफूल हवेच का?

समुद्रफुलाशिवाय क्लाउनफिश जगत नाही, असे काही दुकानदार सांगतात. ते खरे नाही. समुद्रात त्याला शत्रूंपासून आसरा हवा असतो, टाकीत शत्रूच नसतात. समुद्रफुलाला मात्र प्रखर प्रकाश, अतिशय स्थिर पाणी आणि जुनी, मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत ते आक्रसते, फिरते, पंपात सापडते आणि मेले की एका रात्रीत सारे पाणी नासवते. शिवाय बाजारात येणारी बहुतेक समुद्रफुले समुद्रातूनच उचललेली असतात. आधीच १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्याने लक्षद्वीपच्या प्रवाळांची मोठी हानी झाली आहे. अशा तापलेल्या पाण्यात समुद्रफुलेही पांढरी पडतात. माशाला आडोसा म्हणून मातीचे छोटे, रंग न दिलेले कुंडे आडवे ठेवावे. पुष्कळ जोड्या त्यालाच घर मानतात.

रोजची निगा

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत फस्त होईल इतकेच खाद्य द्यावे. दाणेदार सागरी खाद्य, गोठवलेले आर्टेमिया किंवा मायसिस द्यावे. मीठ-मसाला न लावलेली ताजी कोळंबी धुऊन, अगदी बारीक चिरून अधूनमधून देता येते. मासा काचेपाशी येऊन नाचतो म्हणून पुन्हा पुन्हा खाऊ घालणे हे लाड नव्हेत. उरलेले अन्न कुजते आणि पुन्हा अमोनियाचे संकट येते.

रोज थोडे पाणी उडून जाते, उन्हाळ्यात तर जास्तच. मीठ मात्र मागेच राहते. म्हणून ही घट भरून काढताना नेहमी गोडे गाळलेले पाणी घालावे, खारे नव्हे. ही एक चूक अनेक टाक्या बुडवते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे तेव्हा मात्र आदल्या दिवशी मीठ घालून तयार ठेवलेले पाणी वापरावे. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने जीवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले तर झाकण काढून जाळी बसवावी आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. वीज गेली तर माशांना आधी प्राणवायू कमी पडतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा. तो नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्याने पाणी उचलून वरून ओतावे.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जायचे असेल तर शेजाऱ्यांच्या हाती खाद्याची डबी देऊन जाऊ नये. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात. एकेका दिवसाच्या खाद्याच्या कागदी पुड्या बांधून त्यांवर वार लिहून ठेवावा. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही.

आजाराची चाहूल

मासा खाणे सोडतो, दगडाला अंग घासतो किंवा जलद श्वास घेतो तेव्हा पहिले औषध म्हणजे पाण्याची तपासणी. अर्ध्याहून अधिक तक्रारी तिथेच उलगडतात. अंगावर मिठासारखे ठिपके आले तर तो परोपजीवीचा आजार असतो. पांढरट चिकट थर सुटू लागला तर तो क्लाउनफिशना विशेष जडणारा ब्रूकलिनेला रोग असू शकतो आणि तो फार वेगाने पसरतो. आजारी मासा लगेच वेगळ्या टाकीत हलवावा व मत्स्यरोगाच्या जाणकाराला विचारूनच औषध द्यावे. तांबे असलेली औषधे मुख्य टाकीत कधीही घालू नयेत. खेकडे, शंख-शिंपले त्याने मरतात.

पाळणा हलला तर

वर्ष-दोन वर्षांत जोडी जमली, की एखाद्या दिवशी कुंड्यावर नारिंगी मोत्यांसारखी अंडी चिकटलेली दिसतात. नर त्यांना परांनी वारा घालतो आणि खराब अंडी वेचून काढतो. आठवड्याभरात अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात आणि मग एका रात्री, अंधार पडल्यावर, पिल्ले बाहेर पडतात. त्यांना डोळ्यांना न दिसणारे जिवंत खाद्य लागते. त्यामुळे पहिल्या खेपेला घरी बहुधा ती जगत नाहीत. त्याचे फार वाईट वाटून घेऊ नये. जोडीने अंडी घातली, म्हणजे तिला घर मानवले, एवढे नक्की.

शेवटी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून एका प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. रोज दहा मिनिटे आणि आठवड्याला एक तास पुढची दहा-बारा वर्षे देता येईल का? मूल पुढे दहावीला जाईल, कॉलेजला जाईल, कदाचित दुसऱ्या गावी शिकायला जाईल. मासा तेव्हाही टाकीत असेल आणि त्याचे पाणी कोणाला तरी बदलावे लागेल. उत्तर ‘नाही’ असेल तर त्यात कमीपणा नाही. वर्षभर गोड्या पाण्यातले गप्पी किंवा मॉली पाळून पाहावेत. पाणी बदलणे, बेताने खाऊ घालणे आणि गावी जाण्याआधी पुड्या बांधणे एवढ्या सवयी घराला लागल्या, की क्लाउनफिशच्या टाकीसाठी जागा मोजायला हरकत नाही.